जेम्स मॅकबेन : साबणाच्या पाण्याचं कोडं सोडवणारे शास्त्रज्ञ आणि पुण्याच्या एनसीएलचे पहिले संचालक



इयत्ता नववी-दहावीच्या विज्ञानात साबणाचा भाग येतो. साबणाच्या रेणूला एक जलस्नेही डोकं आणि एक जलविरोधी शेपटी असते, असे अनेक रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचा गोळा तयार होतो आणि तेलकट मळ त्या गोळ्याच्या पोटात जाऊन धुतला जातो. मुलं आकृती काढतात, नावं देतात, दोन गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण हा गोळा कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तेव्हा तो असणारच हे कोणी आणि कशावरून ठरवलं? हा प्रश्न सहसा वर्गात येत नाही. तो यावा, म्हणून आज आपण जेम्स विल्यम मॅकबेन या शास्त्रज्ञाची ओळख करून घेणार आहोत.

त्यांची ओळख आपल्याला असायलाच हवी, याला आणखी एक कारण आहे. पुण्यात पाषाण रस्त्यावर जी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजेच एनसीएल आहे, तिचे पहिले संचालक हेच मॅकबेन. आपल्या चंदनसार-विरारपासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या या संस्थेची सुरुवात साबणाच्या पाण्याचा जगातला सर्वात मोठा जाणकार समजल्या जाणाऱ्या माणसाच्या हातून झाली, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

जन्म आणि शिक्षण

जेम्स मॅकबेन यांचा जन्म २२ मार्च १८८२ रोजी कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या चॅटहॅम या गावी झाला. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण त्यांनी टोरांटो विद्यापीठात घेतलं. त्या काळात रसायनशास्त्रात पुढे जायचं तर जर्मनीला जावं लागे. मॅकबेनही तिकडे गेले. आधी लाइपझिग आणि नंतर हायडेलबर्ग इथे ते शिकले आणि हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना १९०९ मध्ये मिळाली.

याच हायडेलबर्गमध्ये १८९० च्या दशकात क्राफ्ट नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी साबणाच्या द्रावणावर काम केलं होतं. त्यात एक विचित्र गोष्ट समोर आली होती, जिचा उलगडा कोणाला होत नव्हता. ती गोष्ट पुढे मॅकबेन यांच्या आयुष्याचा विषय ठरली.

१९०६ मध्ये ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला अध्यापक म्हणून रुजू झाले. सुरुवातीचं त्यांचं काम वेगळं होतं. कार्बन हायड्रोजन वायू कसा धरून ठेवतो, हे ते तपासत होते. वायू पृष्ठभागावर चिकटतो ते अधिशोषण आणि आतपर्यंत मुरतो ते शोषण. प्रत्यक्षात मात्र दोन्ही एकाच वेळी चालू असतं आणि वेगळं काढणं कठीण जातं. दोन्हींना मिळून एक शब्द हवा म्हणून मॅकबेन यांनी १९०९ मध्ये सॉर्प्शन हा शब्द सुचवला. तो आजही वापरात आहे. नवीन बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची जी पुडी असते, तिचं काम याच शब्दाखाली येतं.

साबणाच्या पाण्याचं कोडं

आता मुख्य विषयाकडे येऊ. हा भाग थोडा सावकाश वाचावा, कारण मुलांना समजावताना याचाच उपयोग होतो.

पाण्यात काही विरघळवलं की दोन गोष्टी मोजता येतात. पहिली, पाण्याचा उत्कलनांक किती वाढला किंवा बाष्पदाब किती कमी झाला. हे पाण्यात एकूण किती सुटे कण आहेत यावर अवलंबून असतं. कण लहान की मोठा, प्रभारित की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. फक्त संख्या महत्त्वाची. दुसरी, द्रावणातून वीज किती चांगली वाहते. ही गोष्ट आयनांवर, म्हणजे प्रभार असलेल्या कणांवर अवलंबून असते.

मीठ घ्या. मिठाचे सोडिअम आणि क्लोराइड असे दोन आयन होतात. कणांची संख्या वाढते आणि वीजही वाहते. साखर घ्या. तिचे तुकडे होत नाहीत, त्यामुळे संख्या तेवढीच राहते आणि वीज वाहत नाही. दोन्ही उदाहरणांत हिशेब जुळतो.

साबणात मात्र हिशेब जुळत नव्हता. साबणाचं घट्टसर द्रावण घेतलं तर वीज चांगली वाहत होती. म्हणजे आयन भरपूर असायला हवेत. पण कणांची संख्या मोजायला गेलं तर ती फारच कमी भरत होती. साबणाचा एकही रेणू फुटला नसता तर जेवढी आली असती, त्याहूनही कमी. उत्कलनांक तर जवळजवळ वाढतच नव्हता. मग वीज कोण वाहून नेतंय?

मॅकबेन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं ही मोजमापं केली. साबण थंड पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचा लगदा होतो. त्यामुळे सोडिअम पामिटेटसारख्या साबणाचं द्रावण ९० अंश सेल्सिअसला ठेवून त्यांनी काम केलं. गरम द्रावणात बुडबुडे आणि फेस येतो, त्यामुळे उत्कलनांकाच्या मोजणीवर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून त्यांनी दवबिंदूच्या पद्धतीने बाष्पदाब मोजला. आकडे पुन्हा तेच सांगत होते.

१९१३ मध्ये लंडनच्या फॅरेडे सोसायटीच्या चर्चेत मॅकबेन यांनी उत्तर मांडलं. साबणाचे लांब शेपटीचे ऋणप्रभारित आयन सुटे राहत नाहीत, ते एकत्र येऊन पुंजका करतात. पुंजका झाला की कणांची संख्या घटते. पण प्रत्येकाचा प्रभार नाहीसा होत नाही, तो पुंजक्यावर साठतो. या पुंजक्यालाच मायसेल म्हटलं गेलं आणि अशा पदार्थांना मॅकबेन यांनी कलिल विद्युत अपघटनी म्हणजे कोलॉइडल इलेक्ट्रोलाइट असं नाव दिलं.

मुलांना हे एसटीच्या उदाहरणाने पटकन कळतं. गावच्या जत्रेला ५० माणसं आली. सगळी पायी आली तर वेशीवर ५० जण मोजले जातील. तीच ५० माणसं एका एसटीतून आली तर वेशीवर वाहन एकच मोजलं जाईल, पण तिकिटं ५० असतील. बाष्पदाब वाहनं मोजतो, वीज तिकिटं मोजते. साबणाच्या पाण्यात वाहनं कमी आणि तिकिटं जास्त निघाली, कारण आयन एसटीत बसून आले होते.

इथे हुशार मुलगी किंवा मुलगा हमखास विचारतो, की एवढा मोठा पुंजका पाण्यातून हळू सरकणार, मग वीज कशी चांगली वाहील? शंका रास्त आहे. पण ५० आयन सुटे असताना प्रत्येकाला पाण्याचा वेगळा विरोध होतो. एकत्र गोळा झाला की गोळ्याची त्रिज्या ५० पट होत नाही, ती साधारण पावणेचार पटच वाढते, कारण ५० चं घनमूळ तेवढं आहे. विरोध पावणेचार पट, पण ओढणारा प्रभार कितीतरी जास्त. म्हणून गोळा वाटतो तेवढा सुस्त नसतो. घनमूळ शिकून काय उपयोग, असं विचारणाऱ्या मुलांसाठी हे चांगलं उदाहरण आहे.

विरोध आणि चिकाटी

हे सगळं आज सोपं वाटतं, पण तेव्हा ते पटणारं नव्हतं. रसायनशास्त्रातला समज असा होता, की पाण्यात मिठासारखं खरं द्रावण असतं किंवा गढूळ पाण्यासारखं मिश्रण असतं. मिश्रणातले मोठे कण कधी ना कधी खाली बसतात. मॅकबेन सांगत होते, की रेणू आपणहून एकत्र येतात, त्यांचे मोठे कण होतात आणि तरीही ते द्रावण कायम टिकतं, कारण ती त्याची स्थिर अवस्था असते. पाणी वाढवलं की पुंजके सुटतात, कमी केलं की परत जुळतात. १९२० च्या दशकात रॉयल सोसायटीच्या एका बैठकीत त्यांनी हे मांडलं, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या नामवंत शास्त्रज्ञांनी सरळ मूर्खपणा म्हणून ते उडवून लावलं, असा किस्सा या विषयाच्या अभ्यासकांमध्ये आजही सांगितला जातो.

मॅकबेन यांनी वाद वाढवण्यापेक्षा मोजमापं वाढवली. या कामात मेरी एव्हलिन लँग या त्यांच्या सहकारी रसायनशास्त्रज्ञ महत्त्वाच्या होत्या. १९२० मध्ये दोघांनी सोडिअम ओलिएट या साबणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा साबण पातळ द्रावण आणि थलथलीत जेल अशा दोन्ही रूपांत ठेवता येतो. दोन्हींची विद्युतवाहकता एकच भरली. म्हणजे घट्टपणा आला तरी आतले कण तेच होते, फक्त ते एकमेकांत अडकले होते. कापसाचा पिंजलेला ढीग आणि सुटे तंतू यांत जसा फरक, तसा. याच लँगबाई पुढे मिसेस मॅकबेन झाल्या.

१९१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्राचं लेव्हरह्युम प्राध्यापकपद निर्माण झालं आणि त्यावर पहिली नेमणूक मॅकबेन यांची झाली. लेव्हरह्युम म्हणजे लेव्हर ब्रदर्स या साबण कंपनीचे मालक. आपल्याकडे १८८८ पासून सनलाइट साबणाच्या वड्या येऊ लागल्या, त्या याच कंपनीच्या. साबणाच्या कढईवर काम करणारे कारागीर साबणाच्या वेगवेगळ्या अवस्थांना पिढ्यान्‌पिढ्या आपापली नावं देत आले होते. मॅकबेन यांनी ती नावं टाकून दिली नाहीत. किती पाणी, किती मीठ आणि किती तापमान असताना कोणती अवस्था येते, याचे त्यांनी नकाशे तयार केले. कारागिराच्या अनुभवाला त्यांनी आकड्यांचा आधार दिला. १९२३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

स्टॅनफर्डची वर्षं

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅकबेन अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९४७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. उपकरणं स्वतः घडवण्याची त्यांना आवड होती. बाकर यांच्यासोबत त्यांनी १९२६ मध्ये क्वार्ट्‌झच्या बारीक स्प्रिंगचा तराजू प्रसिद्ध केला. स्प्रिंगला टांगलेल्या पदार्थाने वायू घेतला की स्प्रिंग किंचित ताणली जाते आणि त्या ताणावरून वजन कळतं. मॅकबेन-बाकर तराजू म्हणून तो ओळखला जातो.

त्यांचा आणखी एक प्रयोग मुलांना फार आवडेल असा आहे. साबणासारखे पदार्थ पाण्याच्या पृष्ठभागावर जास्त गोळा होतात, असं अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज यांनी १८७० च्या दशकात गणिताने सांगितलं होतं. पण पृष्ठभागाचं पाणी वेगळं काढून तपासणार कसं? मॅकबेन आणि हम्फ्रीज यांनी रुळांवर धावणारी छोटी गाडी केली, तिला पातं लावलं आणि द्रावणाने काठोकाठ भरलेल्या तबकावरून ती सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने सोडली. दुधावरची साय काढावी तसा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पातळ थर त्या पात्याने उचलला. तपासल्यावर गिब्ज यांचं गणित बरोबर निघालं. १९३२ मधला हा प्रयोग आहे. १९३९ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं डेव्ही पदक मिळालं. ज्या संस्थेत त्यांचं म्हणणं उडवून लावलं गेल्याचं सांगतात, त्याच संस्थेने त्यांचा हा गौरव केला.

न विरघळणारं विरघळवणं

स्टॅनफर्डमध्ये मॅकबेन यांनी ज्या विषयावर सर्वात जास्त भर दिला, तो म्हणजे सोल्युबिलायझेशन. पाण्यात अजिबात न विरघळणारा पदार्थ मायसेलच्या पोटात शिरून पाण्यात स्वच्छपणे सामावला जाणं, असा याचा अर्थ. हे साध्या मिश्रणापेक्षा वेगळं आहे. तेल आणि पाणी घुसळलं की पांढरं पायस होतं आणि काही वेळाने तेल वर येतं. सोल्युबिलायझेशनमध्ये पाणी पारदर्शक राहतं आणि तेल वर येत नाही.

हे मोजायला त्यांनी पाण्यात न विरघळणारे रंग वापरले. साबणाच्या द्रावणात रंगाची पूड टाकून हलवत ठेवायचं, उरलेली पूड गाळून काढायची आणि द्रावण किती रंगलं ते मोजायचं. जितका रंग आत गेला, तितकी त्या साबणाची सामावून घेण्याची ताकद. या मोजण्यांतून स्पष्ट झालं, की साबणाच्या रेणूची रचना बदलली की ही ताकद बदलते. आजच्या आकड्यांनी ते असं सांगता येईल :

१. शेपटीची लांबी : शेपटी लांब असेल तर मायसेल लवकर, म्हणजे कमी पदार्थातच तयार होतात. १० कार्बनच्या शेपटीचं सोडिअम अल्किल सल्फेट घेतलं तर लिटरमध्ये सुमारे ३३ मिलिमोल लागतात. १२ कार्बनला सुमारे ८ पुरतात आणि १४ कार्बनला सुमारे २. दर दोन कार्बनमागे गरज साधारण चौथ्या हिश्शावर येते. एकाच जातीच्या साबणांत लांब शेपटीचा साबण सहसा तेल आणि रंगही जास्त सामावून घेतो.

२. डोक्याचा प्रभार : डोक्यांवर सारखाच प्रभार असेल तर ती एकमेकांना दूर ढकलतात. म्हणून प्रभार नसलेल्या डोक्याचा पदार्थ त्याच लांबीच्या शेपटीला जवळजवळ शंभरपट कमी लागू शकतो. प्रभारित साबणात थोडं मीठ टाकलं तर ढकलाढकल कमी होते आणि मायसेल लवकर होतात.

३. शेपट्यांची संख्या आणि फाटे : मोठं डोकं आणि एकच शेपटी असेल तर रेणूचा आकार भोवऱ्यासारखा होतो. असे रेणू शेजारी बसले की गोळा होतो, डोकी बाहेर आणि शेपट्या आत. दोन शेपट्या असतील तर रेणू डब्यासारखा सरळ होतो आणि थर तयार होतात. आपल्या पेशींचं पटल अशाच दोन शेपट्यांच्या रेणूंचं असतं. शेपट्यांना फाटे असतील तर त्या बाजूला जागा जास्त लागते आणि मग रचना उलटते, डोकी आत आणि शेपट्या बाहेर. पोटात पाण्याचा थेंब आणि बाहेर तेल.

याच वाटेने पुढे मायक्रोइमल्शनचा, म्हणजे सूक्ष्मपायसाचा शोध लागला. १९४३ मध्ये होर आणि शुलमन यांनी दाखवलं, की साबण, तेल आणि पाणी यांत मध्यम लांबीचं अल्कोहोल घातलं की ढगाळ मिश्रण एकदम काचेसारखं स्वच्छ होतं. अल्कोहोलचे छोटे रेणू साबणाच्या रेणूंच्या मध्ये बसतात, त्यामुळे थर लवचिक होतो आणि अगदी लहान थेंबांभोवती वळू शकतो. हे थेंब साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे असतात. प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणून प्रकाश फारसा विखुरत नाही आणि द्रव पारदर्शक दिसतो. दुधातले थेंब मोठे, म्हणून दूध पांढरं. मायक्रोइमल्शन हे नाव शुलमन आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दिलं, ते ऐकायला मॅकबेन हयात नव्हते.

जिथे ते पूर्ण बरोबर नव्हते

चरित्र सांगताना फक्त यश सांगायचं, ही आपली सवय आहे. पण मुलांना पूर्ण गोष्ट सांगावी. मॅकबेन यांचं मत होतं, की द्रावणात दोन प्रकारचे मायसेल एकाच वेळी असतात : एक छोटे प्रभारित आणि दुसरे थरांचे, जवळजवळ प्रभारहीन. १९३६ मध्ये हार्टली यांनी मांडलं, की पातळ द्रावणात एकच प्रकार असतो आणि तो गोल असतो. पातळ द्रावणापुरतं हार्टली यांचं म्हणणं टिकलं. आपल्या पुस्तकातली गोल आकृती त्यांच्या विचाराच्या जवळची आहे. साबणाचं प्रमाण खूप वाढवलं की मात्र आधी दांड्यासारखे आकार आणि मग थर खरोखरच तयार होतात. म्हणजे थरांची कल्पना निरर्थक नव्हती, तिची जागा वेगळी होती. मायसेल असतात हा मॅकबेन यांचा मूळ विचार मात्र सगळ्यांनीच मान्य केला.

पुण्यात आगमन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, भारतात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद म्हणजे सीएसआयआर स्थापन झाली. तिचे प्रमुख डॉ. शांतिस्वरूप भटनागर. रसायनशास्त्रासाठी एक राष्ट्रीय प्रयोगशाळा पुण्यात करायचं ठरलं. ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा देश स्वतंत्रही झाला नव्हता. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा प्रजासत्ताक व्हायला अजून तीन आठवडे होते. या नव्या संस्थेच्या पहिल्या संचालकपदी मॅकबेन यांची निवड झाली.

भटनागर यांचं स्वतःचं सुरुवातीचं संशोधनही पायसांवर आणि तेलाच्या पृष्ठताणावर होतं, लंडनमध्ये डोनन यांच्या हाताखाली केलेलं. म्हणजे दोघे एकाच वाटेवरचे प्रवासी.

मॅकबेन तेव्हा ६७ वर्षांचे होते. निवृत्त होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. पदक, मान, नाव सगळं मिळालेलं होतं. घरी बसून पुस्तकं लिहिली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण पुण्यात इमारत नवी, माणसं नवी, उपकरणं परदेशातून यायची आणि देशाकडे पैसा कमी. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. अशा वेळी त्यांनी हे काम स्वीकारलं. कोणत्याही संस्थेचं पहिलं वर्ष कसं असतं, हे शाळा सुरू करणाऱ्यांना सांगायला नको. खुर्च्यांपासून ग्रंथालयापर्यंत सगळं उभं करावं लागतं आणि पहिल्या माणसाने लावलेली शिस्त पुढे अनेक वर्षं चालते.

१९५२ पर्यंत ते संचालक होते. त्यांच्यानंतर जॉर्ज फिंच आले. हे फिंच १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजन वापरून चढलेले गिर्यारोहक, हीसुद्धा मुलांना सांगण्यासारखी गोष्ट. १९५७ मध्ये के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९६६ मध्ये बाळ दत्तात्रेय टिळक. परदेशी शास्त्रज्ञांनी सुरुवात करून दिली आणि सात वर्षांत धुरा आपल्या माणसांच्या हाती आली.

मॅकबेन कॅलिफोर्नियाला परतले आणि १२ मार्च १९५३ रोजी त्यांचं निधन झालं. ७१ वा वाढदिवस दहा दिवसांवर होता. सोल्युबिलायझेशनवरचा सविस्तर ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५५ मध्ये आला. तो मेरी मॅकबेन आणि एरिक हचिन्सन यांनी लिहिला. ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत तरुणपणी सुरू केलेलं काम मेरीबाईंनी असं पूर्णत्वाला नेलं. आपल्या मुलींना हे नाव आवर्जून सांगा.

आपल्या घरात मॅकबेन

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. जेवणातलं तूप-तेल पचतं, कारण पित्तरसातले क्षार स्निग्ध पदार्थांना मायसेलमध्ये सामावून आतड्याच्या भिंतीपर्यंत नेतात. अ आणि ड ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळत नाहीत, तरी त्यांचे पाण्यात मिसळणारे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते याच युक्तीने.

रचनेचा परिणाम परिसरावरही होतो. १९५० च्या आसपास जगभर वापरल्या जाणाऱ्या डिटर्जंटच्या शेपटीला फाटे होते. कपडे स्वच्छ निघत, पण जिवाणूंना ती फाटेदार शेपटी सहज खाता येत नसे. परिणामी युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग तरंगू लागले. १९६० च्या दशकात सरळ शेपटीचे डिटर्जंट आले तेव्हा हा त्रास कमी झाला. आपल्या गटारातलं पाणी शेवटी खाडीकडेच जातं. पावडर गरजेपुरतीच वापरा, हे मुलांना सांगताना हे कारण सांगितलं तर ते लक्षात राहतं.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. हळदीचा प्रयोग : दोन ग्लासांत सारखं पाणी घ्या. एकात चमचाभर शाम्पू हळूच मिसळा. दोन्हींत चिमूटभर हळद टाकून दहा मिनिटं ढवळा आणि गाळणकागदातून गाळा. साध्या पाण्याचा गाळ फिका आणि शाम्पूच्या पाण्याचा गडद पिवळा येतो. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तो मायसेलमध्ये शिरला. मॅकबेन यांच्या रंगाच्या प्रयोगाचं हे घरगुती रूप. कपड्याचा साबण मात्र वापरू नका. तो आम्लारीधर्मी असल्याने हळद लाल होते आणि मुलांचा गोंधळ उडतो.

२. डेटॉलचं निरीक्षण : बाटलीतलं डेटॉल पारदर्शक तपकिरी असतं, पण पाण्यात टाकताच दुधासारखं पांढरं होतं. असं का, हा प्रश्न आधी मुलांनाच विचारा. बाटलीत तेल, साबण आणि अल्कोहोल यांचा मेळ बसलेला असतो. भरपूर पाणी मिळालं की अल्कोहोल पातळ होतं, मेळ मोडतो आणि तेलाचे मोठे थेंब बाहेर पडून प्रकाश विखुरतात. हा प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा.

३. दुष्फेन पाणी : पाण्यात थोडं एप्सम मीठ विरघळवा. त्यात एकदा अंगाचा साबण आणि एकदा डिटर्जंट वापरून फेस पाहा. साबणाचं डोकं मॅग्नेशिअमशी जोडलं जाऊन पांढरा साका होतो, डिटर्जंटचं होत नाही. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर का बसतो, याचं उत्तर मुलं स्वतः देतील.

४. चर्चेसाठी प्रश्न : मायसेल न पाहता मॅकबेन यांनी ते ओळखलं. न दिसणारी पण मोजून कळणारी आणखी कोणती गोष्ट तुम्हाला सांगता येईल?

हा चौथा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. आकृती पाठ करणं मुलांना जमतंच. पण दोन मोजमापं एकमेकांशी जुळत नसतील तर त्यातलं एक चूक समजून सोडून द्यायचं नाही, दोन्ही बरोबर असतील तर काय असेल असा विचार करायचा, हे शिकवायला वेळ द्यावा लागतो. मॅकबेन यांच्या आयुष्यातून आपल्या वर्गात न्यायची गोष्ट हीच आहे. साबणाचा धडा घेताना पाच मिनिटं त्यांच्यासाठी राखून ठेवा.